वैशाखातला गळ

सोलापुरात मे महिन्यात पेपर हातात आला की नजर आधी एका लहान चौकटीवर जाते. उजनी किती टक्के? शहराच्या नळाला काही दिवसांआड येणारं पाणी बरंचसं उजनी धरणाचंच, त्यामुळे तो आकडा इथं घरोघरी पाठ असतो. पिण्याच्या पाण्याची काळजी मलाही आहेच. पण त्या आकड्यावरून मला हेही कळतं, की यंदा मरळ मासा धरायला कुठल्या काठावर जाऊन बसायचं.

गळाचा नाद मला वडिलांनी लावला. ते गिरणीत होते. रात्रपाळी संपवून यायचे, चहा घ्यायचे आणि मला सायकलच्या दांडीवर बसवून हिप्परग्याच्या तळ्यावर न्यायचे. हातात कळकाची काठी, तंगूस, मोरपिसाचा तुकडा आणि डब्यात ओल्या मातीतली गांडुळं. आज माझ्याकडे रीळ आहे, कार्बनचा रॉड आहे आणि पाठीशी तीसेक उन्हाळे आहेत. आपल्याकडच्या उन्हात गळाला जायचं तर आधी काय काय ठरवावं लागतं, ते या उन्हाळ्यांनी शिकवलं. काही गोष्टी फार महागात शिकलो. सुट्टीत पोरांना घेऊन तळ्यावर निघालेल्या कुणाच्या तरी त्या उपयोगी पडतील म्हणून लिहून ठेवतो.

१. पहिली खेप रॉड न घेता करा

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं ६३ टीएमसीच्या वर पाणी हा मृतसाठा आणि त्याच्या वरचं साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त. टक्के मोजतात ते या उपयुक्त पाण्याचे. ते संपलं की आकडा शून्याच्या खाली उतरतो आणि लोक म्हणतात, उजनी मायनसमध्ये गेली. नवख्या माणसाला वाटतं धरण आटलं. आटलेलं नसतं, मासाही असतो. पण काठ मात्र कुठल्या कुठं सरकलेला असतो.

२०२४ च्या जूनच्या सुरुवातीला उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोचली होती. एरवी पाण्यात असणारं पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडलं आणि लोक तिथपर्यंत जाऊन दर्शन घेऊन आले. त्या उन्हाळ्यात करमाळ्याच्या बाजूची माझी नेहमीची जागा गाठली, तर तिथं कलिंगडाचे वेल पसरले होते. पाणी लांब, उन्हात चमकणाऱ्या एका पट्टीएवढं. पाणी हटलं की मागं राहिलेल्या गाळावर शेतकरी पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. तिथून मुकाट्यानं वळसा घालून जायचं. वेलांवर पाय द्यायचा नाही.

म्हणूनच मी एप्रिलच्या शेवटी एक चक्कर नुसती बघायला मारतो. सोबत वही असते. उन्हाळा हा तळ्याचा तळ वाचायचा काळ आहे, आणि ही संधी वर्षातून एकदाच मिळते. पाण्याखाली गेलेल्या गावाची विहीर कुठं आहे, जुना रस्ता कुठून खाली उतरतो, बाभळीची वठलेली खोडं कुठं उभी आहेत, ओढ्याची जुनी घळ कुठं वळते, हे सगळं तेव्हा उघडं असतं. चिखलात ताटाएवढे गोल खळगे दिसतात, एकाला लागून एक. ती चिलापीची घरटी. नर खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि मग ती तोंडात घेऊन सांभाळते. असे खळगे जिथं दाट, तिथं पुढच्या वर्षी पाणी असताना चिलापी असणारच, आणि तिच्या पिल्लांवर टपलेली मरळही जवळपास असणार. माझ्या वहीत आता अकरा वर्षांचे नकाशे आहेत. हातानं काढलेले, वेडेवाकडे. माझ्या सगळ्या सामानात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही वही.

२. कुठल्या माशासाठी निघालोय, ते घरीच ठरवा

अमेरिकेत बास नावाच्या माशामागं लोक उन्हाळाभर तळी पालथी घालतात. तो मासा आपल्या तळ्यांत नाही. पण त्याचा स्वभाव आपल्या मरळीत पुरेपूर आहे: गवताच्या, जलपर्णीच्या आडोशाला दबा धरून बसायचं आणि वरून काही हललं की झेप घ्यायची. म्हणूनच बाससाठी बनवलेला रबरी बेडूक मरळीलाही तितकाच भुलवतो.

मरळ पाण्यात राहते, पण हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं. पाणी कोमट होऊन त्यातला प्राणवायू कमी झाला की रोहू-कटला सुस्त पडतात; मरळीचं तेवढं अडत नाही. वैशाखात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हाही गळाला प्रतिसाद देईल अशी आशा धरावी ती तिच्याकडूनच. ती श्वास घ्यायला येते तेव्हा पाण्यावर एक जाडसर 'टप्' असा आवाज होतो आणि एक वर्तुळ पसरतं. तो आवाज ओळखू यायला मला दोन उन्हाळे लागले.

माझा गळाचा जोडीदार शहराच्या पूर्व भागातला, तेलुगू घरातला, पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसणाऱ्यांपैकी. त्याच्या घरी मरळीला कोर्रमीनू म्हणतात. तेलंगणानं तिला राज्यमाशाचा मान दिला आहे. आपल्या महाराष्ट्राचा राज्यमासा पापलेट, म्हणजे समुद्राचा. आमच्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाच्या मनात मात्र तो मान मरळीचाच.

लहान मुलं बरोबर असतील तर चिलापी धरा. कणकेची गोळी, लहान गळ, मोरपीस. दहा मिनिटांत पीस बुडतं आणि पोराचा चेहरा उजळतो. मरळीसाठी चार तास गप्प बसायला सांगून मुलांचा जीव काढू नये.

३. तळ्याला मालक असतो

सरकारी तलाव आणि धरणं मासेमारीसाठी ठेक्यानं दिलेली असतात, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना. बीज सोडण्याचा खर्च त्यांचा, राखण त्यांची, पोटही त्यावर त्यांचं. आपण हौसेनं गळ टाकणारे पाहुणे. हे मला वडिलांनी सांगितलं नव्हतं, कारण त्या काळी दोन-चार काठ्या घेऊन बसणाऱ्यांकडे कुणी बघतही नसे. मला ते उजनीच्या काठावरच्या एका भोई म्हाताऱ्यानं सांगितलं. रागावून नाही. माझ्याशेजारी उकिडवा बसला, बिडी पेटवली आणि म्हणाला, "मालक, तुमी एक मासा नेला तर मला काय बी वाटत न्हाई. पर इचारून न्या. माझ्या घरातनं तुमी तांब्या उचलताना इचारत न्हाई का?"

त्या दिवसापासून त्यांना मी मामा म्हणतो. निघायच्या आदल्या दिवशी फोन करतो. संस्थेची परवानगी लागते का, पावती कुठं करायची, जाळी कुठल्या बाजूला लावलीत, हे सगळं त्यांच्याकडून कळतं. जाळ्यापासून दूर बसायचं. गळ जाळ्यात अडकला तर दोरा आपला तोडायचा, जाळं त्यांचं तोडायचं नाही. आणि धरणाच्या भिंतीजवळ, दारांच्या आसपास जायचंच नाही. तिथं मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

४. ऊन चढायच्या आत आवरा

मेच्या मध्यावर आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. त्याआधी अर्धा तास आपण काठावर हवं. हिप्परगा शहराला लागूनच, तुळजापूर रस्त्यावर, म्हणून पहाटे निघून चालतं. उजनीच्या काठाला मात्र ९०-१०० किलोमीटर जायचं, म्हणजे रात्री तीनला घर सोडायचं. नऊनंतर मरळ सावलीच्या आत शिरते. नऊनंतर माणसानंही शिरावं.

५. सामान थोडं, पण नेमकं

मरळीचा आडोसा म्हणजे जलपर्णी, पाणकणीस, शेवाळ. तिथं बारीक तंगूस चालत नाही. मरळ लागली की ती खाली गवतात घुसते आणि तंगूस ताणतो, सुटतो, तुटतो. विणलेला दोरा घ्या, ज्याला पोरं ब्रेड म्हणतात. माझ्या जोडीदारानं तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बोटांनी उलगडून धागे मोजले होते. मागावरच्या माणसाची सवय. रबरी बेडकाचे काटे त्याच्या पाठीला चिकटून असावेत, म्हणजे तो गवतावरून अडकल्याशिवाय सरकतो. मरळीनं झडप घातली की लगेच झटका देऊ नका. तिनं तोंड मिटू द्या, एक-दोन आकडे मोजा, मग ओढा. जिवंत बेडकी लावणारे पुष्कळ आहेत, वडीलही लावायचे. मी सोडून दिलं. गळावर टोचलेली बेडकी तासभर पाय हलवत राहते, ते बघवत नाही.

आता सामानातली जी गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. उजनीच्या काठानं मैलोगणती शेतीपंप आहेत. पाणी मागं सरकलं की शेतकरी मोटारी पुढं नेतात, त्यांच्या वायरी गाळावर पडलेल्या असतात, काही पाण्यातून गेलेल्या, काही बांबूंवर डोक्याएवढ्या उंचीवर टांगलेल्या. गळ फेकताना रॉड मागं जातो तो नेमका अशा तारेकडे. एका पहाटे माझा रॉड तारेपासून हातभर अंतरावरून गेला आणि मामा मागून ओरडले. तेव्हापासून जागेवर पोचल्यावर मी आधी वर बघतो, मग मागं, मग पायाखाली, आणि नंतरच पाण्याकडे.

६. पिल्लांच्या गोळ्यावर गळ टाकू नका

हे लिहिण्यासाठीच खरं तर मी लिहायला बसलो.

मरळ अंडी घालते ती काठालगतच्या गवतात, उथळ पाण्यात. पावसाच्या आगेमागे हा काळ भरात असतो, पण वळवाच्या दोन सरी झाल्या तरी कधी कधी लवकर पिल्लं दिसतात. तांबूस रंगाची, बोटाच्या पेराहून लहान, शेकड्यांनी एकत्र. तीही हवा घ्यायला वर येतात, त्यामुळे पाण्याचा तेवढाच टोपलीएवढा भाग भात शिजताना रटरटतो तसा दिसतो. तो गोळा हळूहळू सरकत असतो आणि त्याच्या खाली हातभर अंतरावर आईबाप असतात. मरळ आपल्या पिल्लांवर पहारा देते. त्या गोळ्यावर काहीही पडलं, पान, काडी, रबरी बेडूक, की ती ते शत्रू समजून तुटून पडते. भूक नसली तरी.

म्हणून मरळ धरायची सर्वांत सोपी युक्ती हीच. गोळा शोधा, त्यावरून बेडूक ओढा, दुसऱ्या-तिसऱ्या फेकीला मासा हातात. मीही ते केलं. हिप्परग्याच्या वरच्या अंगाला, जिथं तळं उथळ होत जातं, तिथं एका सकाळी सव्वातीन किलोची मरळ मी अशी काढली. इतकी मोठी मी आधी कधी धरली नव्हती. सोबतच्यांनी पाठ थोपटली. अर्ध्या तासानं पाणी प्यायला परत त्याच जागी आलो. तो गोळा फुटला होता. पिल्लं चहूकडं पांगली होती आणि चिलापी त्यांच्यात शिरून एकेक टिपत होती. पाणकावळाही आला. मी उभा राहून बघत होतो आणि करण्यासारखं काहीच नव्हतं, कारण त्यांची राखण करणारी माझ्या पिशवीत होती.

ती मरळ घरी नेली, सगळ्यांनी खाल्ली, मला घास गेला नाही. त्यानंतर आजवर मी रटरटणारं पाणी दिसलं की रीळ गुंडाळून निदान दोनशे पावलं पुढं जातो. चुकून आईबापांपैकी एखादी लागलीच, तर गळ काढून ताबडतोब त्याच जागी सोडतो. हवेवर जगणारी असल्यानं ती तग धरते. पिल्लांपाशी लगेच परतली पाहिजे एवढंच. हल्ली बरीच तरुण मुलं रबरी बेडूक घेऊन येतात, उत्साही आणि जाणती. एकदा सांगितलं की त्यांना पटतं. सांगायला मात्र हवं, आणि ते आमच्या वयाच्या माणसांनीच सांगायला हवं.

७. दुपारनंतर आभाळाकडे पाठ करू नका

वळीव कसा येतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारी पान हलत नाही, साडेतीन-चारला आभाळ काळं धरतं आणि मग वारं असं सुटतं की पत्रे उडतात. जमिनीवर ते निभतं. उजनीच्या उघड्या पाण्यावर निभत नाही. तिथं पाण्याला वाऱ्यासाठी मैलोगणती मोकळं रान आहे. दहा मिनिटांत लाटा उठतात.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटली. सहा जीव गेले. तो नेहमीचा जलमार्ग होता, रोज ये-जा करणाऱ्या माणसांचा. त्या आठवड्यात आमचा बेत ठरलेला होता. आम्ही कुणी घराबाहेर पडलो नाही. त्यानंतर माझा नियम साधा आहे: उन्हाळ्यात होडीत बसायचं नाही. बसायचंच झालं तर पहाटे, काठाकाठानं, अंगात लाइफ जॅकेट घालून आणि नऊच्या आत परत. थर्माकोलच्या तराफ्यावर तर कधीच नाही. मच्छीमार त्यावर लीलया जातात, कारण त्यांचा जन्म त्यावर गेलेला असतो.

काठावर असलात आणि ढग गडगडला, तर रॉड आडवा ठेवून झाडापासून दूर व्हा, गाडीत जाऊन बसा. हातात कार्बनचा उभा रॉड धरून कुणी विजेखाली थांबू नये.

८. वरून सुकलेला गाळ खालून ओला असतो

भेगाळलेली ढेकळं दिसतात म्हणून पुढं जाऊ नका. पाण्यापासून वीस-तीस पावलं मागंच थांबावं आणि काठीनं चाचपावं. एकदा गुडघ्यापर्यंत गेलो होतो, जोडीदारानं आडवं पडून काठी दिली. मुलांना या पट्ट्यात एकटं सोडू नका.

९. डबा सोलापूरचाच

कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, गूळ. त्रेचाळीस अंशांतही न आंबणारं याहून चांगलं जेवण मला माहीत नाही. माणशी चार लिटर पाणी घरून न्यायचं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी कमी होतं तसं हिरवं होत जातं. पुण्या-पिंपरीकडून येणारं सगळं त्यात येतं. ते उकळूनसुद्धा पिऊ नका. आणि एक सोलापुरी चादर असू द्या. ओली करून डोक्यावर घेतली की झाडाच्या सावलीएवढा आधार होतो.

१०. काय आणायचं, काय सोडायचं

चिलापी मनसोक्त आणा. हा मूळचा आफ्रिकेचा मासा, १९५२ साली भारतात आला आणि आता उजनीत त्याचंच राज्य आहे. भिगवण, इंदापूरच्या खाणावळींत ताटात येतो तो बहुतेक हाच. अंगाला हळद-मीठ, आमच्याकडचं काळं तिखट, तव्यावर कुरकुरीत. मरळ मी वर्षाला एक आणतो, आईसाठी. अंगावर काटेरी खवल्यांचं चिलखत असलेला सकर मासा किंवा आफ्रिकी मांगूर लागला तर परत पाण्यात सोडू नका. दोन्ही परके, आणि हा मांगूर पाळायला तर देशात बंदीच आहे. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणं कायद्यानं गुन्हा आहे. तसं कुणी करताना दिसलं तर संस्थेला कळवा, स्वतः अंगावर जाऊ नका.

तुटलेला दोरा खिशात घालून घरी आणा, अगदी वीतभर असला तरी. उन्हाळ्यात पाणी हटून उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात, उघड्या रेतीवर, घरट्याशिवाय. एका सुरयाच्या पायात तंगूस गुंतलेला मी सोडवला आहे. पाय सुजून काळा पडला होता. त्या बेटांवर उतरायचंच नाही, कितीही चांगली जागा दिसली तरी.

पावसाळा लागतो. सोलापुरात अजून थेंब नसतो, पण पुण्याकडच्या घाटात कोसळायला लागतं आणि पेपरातल्या त्या चौकटीत नवा शब्द येतो: दौंडचा विसर्ग. उण्याचा आकडा रोज थोडा थोडा कमी होतो. मग एका सकाळी मामांचा फोन येतो. "पाणी हाललं, मालक. काठाच्या गवतात शिरायला लागलंय."

गवतात पाणी शिरलं की मरळही शिरते, अंडी घालायला. मी रिळाला तेल घालतो, दोरा सैल करतो, रॉड पुसून कपाटावर ठेवतो आणि वहीत त्या दिवसाची तारीख लिहितो.